आटली ती बोअर नव्हती

तुम्ही चहा घ्या, मी सांगतो. फक्त एक अट आहे. हसायचं तर शेवटी हसा. मध्येच हसलात की मला माझाच राग येतो आणि मी पुढचं विसरतो.

मूर्खपणा कुणाच्या हातून होत नाही? पण लोकांचा मूर्खपणा घाईगडबडीत होतो. माझा मी बैठक मारून, साबण लावून, उकळत्या पाण्यात घासून घासून केला. वर तो गच्चीवर वाळतही घातला, म्हणजे गल्लीला दिसावा.

आता थोडी पार्श्वभूमी. अख्खी नोकरी सरकारी कचेरीत कारकुनी करून मी निवृत्त झालो आणि उस्मानपुऱ्यातली भाड्याची खोली सोडून बायपासच्या पलीकडं स्वतःचं घर बांधलं. शहर तेव्हा असं सुसाट वाढत होतं की सकाळी फिरायला जावं, तर परत येताना वाटेत एखादी नवी कॉलनी लागायची. शहर आमच्यापर्यंत आलं, नळ मात्र मागंच कुठंतरी थांबला. त्यात दुष्काळ. पेपरात रोज जायकवाडीचा मृतसाठा आणि गल्लीत रोज टँकरवरून जिवंत भांडणं.

आमच्या बोअरला मात्र पाणी होतं. सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ, पण होतं. बाकीच्यांच्या बोअर केव्हाच कोरड्या पडल्या होत्या. त्यामुळं मी गल्लीतून जरा मान ताठ ठेवून चालत असे. कारकुनाला मान ताठ ठेवायची संधी एरवी मिळते कुठं?

त्याच उन्हाळ्यात आमच्या महेशचं लग्नाचं चाललं होतं. महेश वाळूजला एका कारखान्यात, नोकरी कायम. पण त्या वर्षी मुलीकडचे लोक पगार नंतर विचारायचे, पाणी आधी. पहिल्या दोन ठिकाणी आम्ही पाण्याचं कळवलंच नाही, तर दोन्हीकडून 'कळवतो' असा निरोप आला. ते अजून कळवतायत. मग मी शहाणा झालो. महेशच्या बायोडाट्यात शिक्षण, उंची, नोकरी यांच्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'घरची बोअर, पाणी बारमाही.'

लगेच बोडख्यांचं स्थळ आलं. बोडखे दौलताबादकडचे शेतकरी, शिवाय शहरात पाइपांचं दुकान. मुलगी अश्विनी शिकलेली, बँकेत नोकरीला. एरवी आधी आपण मुलगी बघायला जातो. बोडखे म्हणाले, "आधी आम्ही येतो. घर बघू, पाणी बघू, पोरीलाही बघू द्या." रविवार ठरला. मध्यस्थानं जाता जाता एक बातमी दिली. महेशचा फोटो बघून मुलगी एवढंच म्हणाली होती, "जीन्स छान आहे."

झालं. महेशनं ते वाक्य काळजावर कोरून घेतलं.

आता त्या जीन्सची हकिकत. ती त्यानं पुण्याहून आणली होती. कडक, गडद निळी, पत्र्यासारखी. आणल्या दिवशीच मला बजावलं, "बाबा, ही धुवायची नसते."

"म्हणजे कधी धुवायची नसते?"

"कधीच. निदान सहा-आठ महिने तरी. कोरं डेनिम आहे. अंगावर मुरावं लागतं. मग त्याला आपल्या पायांचा आकार येतो."

"पँट आहे का लोणचं?"

आमची ही आतून म्हणाली, "आसू द्या की. दुष्काळात आशीच कापडं पायजेत. तुमचा लेंगा बी मुरवा जरा."

तर ती मुरत गेली. उन्हाळाभर मुरली. कुठं बाहेर फिरून आला की महेश ती काढून दाराआड ठेवायचा. लटकवायचा म्हणत नाही मी, ठेवायचा. ती स्वतःच्या पायावर उभी राहायची. एकदा संध्याकाळी मी चष्म्याशिवाय तिला "या, आत या, बसा" म्हटलं होतं. तिनं ऐकलं असतं तरी वाकता आलं नसतं.

रविवार जवळ आला तसा माझ्या मनात विचार आला, ही पँट घालून पोरगं पाहुण्यांसमोर बसणार? पंखा लावला की वास आधी पोचेल आणि पोरगा नंतर. शुक्रवारी दुपारी महेश कारखान्यात, ही भिशीला. बोअरनं सकाळी हात सैल सोडला होता, टाकी भरलेली. मी पँट उचलली.

तुम्ही म्हणाल, तुम्हाला धुण्यातलं कळतं काय? खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मी आयुष्यात रुमालसुद्धा धुतला नव्हता. पण वाचन दांडगं. आणि जुनी माहिती होती. आमच्या लहानपणी शिंपी कापड हातात घेतल्याबरोबर विचारायचा, "पाण्यातून काढलंय का?" मांजरपाट असो नाहीतर खादी, नवं सुती कापड आधी पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, मग त्याला कात्री लावायची. नाहीतर शिवलेला सदरा पहिल्या धुण्यात आटतो आणि थोरल्याचा धाकट्याला होतो. हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यावरून मी निष्कर्ष काढला की ज्याअर्थी पँट शिवून बाजारात आली त्याअर्थी ती पाण्यातून काढलेली असणारच. कचेरीत आम्ही असंच करायचो. फाइल आपल्यापर्यंत आली म्हणजे आधीच्या टेबलानं ती तपासली असणार.

तरी खबरदारी म्हणून आतली चिठ्ठी वाचली. वाचली म्हणजे पाहिली, कारण तिथं अक्षरं नव्हती, चित्रं होती. एक टोपलीसारखं भांडं, त्यावर फुली. एक त्रिकोण, त्यावरही फुली. एक वर्तुळ. आमच्या पिढीला त्रिकोणाचा एकच अर्थ ठाऊक, तो लाल, सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर 'हम दो, हमारे दो'च्या शेजारी असायचा. त्यावर फुली म्हणजे लग्न झाल्यावर महेशनं काय ते बघावं. भांड्यावरच्या फुलीचा अर्थ मात्र मी नीट विचार करून लावला. या भांड्यात मावणार नाही, मोठं घ्या.

म्हणून मी मोठं घेतलं. दिवाळीला अंघोळीचं पाणी तापवतो ते. पाणी उकळलं, धुण्याचा सोडा टाकला, पँट बुडवली, लाकडानं ढवळली. पाणी निळं झालं, मग काळं झालं. मला वाटलं, बघा किती घाण होती. मग फरशीवर ब्रशानं घासली, पिळली आणि गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात टाकली. इतका समाधानी मी निवृत्तीच्या सत्कारातही नव्हतो.

शनिवारी सकाळी महेश पहिल्या पाळीला गेल्यावर ती काढायला गेलो, तर वाटलं शेजारच्यांची चुकून इकडं उडून आली.

खाली आणून हिला दाखवली. हिनं उलटीसुलटी करून बघितली.

"ही कुणाची?"

"महेशची."

"कव्हाची? धाव्वीतली?"

"अगं, तीच. मी धुतली काल."

ती मटकन बसली. "तुम्ही? तुम्हाला कुणी सांगितलं व्हतं? पोरीनं एवढी एक वस्तू पसंत केली व्हती आपल्या घरातली."

मी तातडीनं भास्करला फोन लावला. भास्कर माझा मेहुणा, पैठणला त्याचं कापडाचं दुकान. "दाजी, थांबा, गिऱ्हाईक आहे, मीच करतो," म्हणून त्यानं ठेवला. तोवर आम्ही दोघांनी ओढायला सुरुवात केली. कमरेकडून मी, पायांकडून ही. चष्मा बाजूला काढून ठेवलेला. अशात फोन वाजला. मी न बघता उचलला आणि खांदा व कान यांच्यामध्ये धरला.

तो फोन बोडख्यांचा होता. पण हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा माझ्या लेखी पलीकडं भास्कर होता.

"हां, काय म्हणता? ठीक ना सगळं?"

"ठीक कुठलं. आटली."

आता बघा, त्या उन्हाळ्यात 'आटली' म्हटल्यावर 'काय आटली' असं विचारणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात मिळाला नसता. पलीकडून नुसता सुस्कारा आला.

"आटली? कधी?"

"आज सकाळी बघतो तर ही अवस्था. काल दुपारपर्यंत एकदम चांगली होती."

"अरेरे. पार?"

"पार. कमरेइतकीसुद्धा येत नाही."

"मग करताय काय?"

"आम्ही दोघं धरून ओढतोय. एकीकडून मी, एकीकडून ही."

"या वयात? येतं का काही?"

"बोटभर येतं. सोडलं की परत आत."

"खाली वाढवून बघा की."

"खाली वाढवून काय उपयोग? मधेच अडतंय ना."

"हां. मधे कठीण लागतं कधी कधी."

मला वाटलं, हा महेशच्या मांड्यांबद्दल बोलतोय. मामाच तो. त्याला हक्क आहे.

"मग उद्याच्या कार्यक्रमाचं?"

"उद्या शेजाऱ्याची मागून आणू. एका दिवसाचा तर प्रश्न. आपली का शेजाऱ्याची, पाव्हण्यांना काय कळतंय?"

पलीकडून हळूच विचारलं, "सांगणार नाय म्हणता पाव्हण्यांना?"

"सांगायचं कशाला? एकदा लग्न लागलं की झालं. पुढं पोरगी घेईल जुळवून."

"बरं. ठेवतो मग, भाऊसाहेब."

फोन ठेवल्यावर मला जरा नवल वाटलं. भास्कर मला दाजी म्हणतो, आज एकदम भाऊसाहेब? वाटलं, दुकानात बडं गिऱ्हाईक असेल, मोठेपणा दाखवत असेल. तासाभरानं खऱ्या भास्करचा फोन आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "पुन्हा कशाला केलास?" तो म्हणाला, "पुन्हा?" मी म्हटलं, "असू दे." हे 'असू दे' मी तेव्हा म्हणायला नको होतं.

भास्करनं मात्र उपाय सांगितला. "दाजी, सुती कापड आटलं तर ओलं असताना सैल होतं. कोमट पाण्यात भिजवा, तशीच पोराच्या अंगात घाला अन् बैठका मारायला लावा. मारता मारता वाळू द्या."

दुपारी महेश आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पँट छातीशी धरून तो एवढंच म्हणाला, "बाबा, तिनं एकच गोष्ट सांगितली होती."

"दुसरी घाल की."

"दुसऱ्या सगळ्या कारखान्याच्या आहेत. गणवेश घालून बसू?"

शेजारच्या पोराची मागून आणली, ती गुडघ्याच्या वर जाईना. म्हणजे भास्करचाच उपाय राहिला.

रविवारी सकाळपासून आमच्या मागच्या अंगणात हा सोहळा सुरू झाला. महेश ओली पँट घालून बैठका मारतोय, मी तांब्यानं त्याच्या मांड्यांवर कोमट पाणी ओततोय. जरा वाळली की पुन्हा पाणी. शिवपिंडीवर अभिषेक करावा तसा. मधे मधे मी दोन्ही बाजूंनी ताणून बघत होतो. पँट उंचीला जरा वाढली, रुंदीला अडूनच बसली. या अभिषेकात टाकी कधी संपली ते कळलं नाही. मोटर लावायला गेलो तर लाइट गेलेली. म्हटलं, येईल. पाहुण्यांना यायला अवकाश आहे.

तेवढ्यात दारात मोठा हॉर्न वाजला. बघतो तर ट्रॅक्टर, त्याच्या मागं पाण्याचा टँकर, टँकरच्या मागं बोडख्यांची गाडी. टँकरवाला माझ्याकडं बघून म्हणाला, "चचा, पाइप किधर डालूं? हौद है क्या?"

बोडखे उतरले. मागून त्यांच्या पत्नी, आणि अश्विनी.

"रामराम, भाऊसाहेब."

"रामराम. हे काय आणलंत?"

"काय नाय. म्हटलं शेजाऱ्याला कशाला तरास? आमच्या विहिरीचंच घेऊन आलो."

मला वाटलं, त्यांच्याकडं अशी काही रीत असावी. नारळ आणतात तसं पाणी. मी हसून म्हटलं, "अहो, कशाला एवढं? आमच्याकडं भरपूर आहे."

"व्हय. लिहिलंय ना तुम्ही. बारमाही."

त्यांच्या पत्नी आभाळाकडं बघायला लागल्या. मी सगळ्यांना आत नेलं, बसवलं. म्हटलं, "पाणी घ्या आधी."

बाई म्हणाल्या, "कुणाचं?"

मला वाटलं, यांना शंका आहे. म्हणून मी मोठ्या रुबाबात मोरीतला नळ उघडला. नळानं खाकरून घसा साफ केला, दोन थेंब टाकले आणि गप्प बसला.

"लाइट गेलीय," मी म्हटलं.

"जातीच," बोडखे म्हणाले. "आसल्या येळंला बरोबर जाती. भाऊसाहेब, राग मानू नका. बोअर आटणं हा काय गुन्हा नाय. आमच्या गावात निम्म्याच्या वर आटल्यात. तुम्ही सांगितलं आसतं तर आम्ही समजून घेतलं आसतं. पर पाव्हण्यांना काय कळतंय, लग्न लागलं की पोरगी घेईल जुळवून, हे बोलणं काय बरं नाय. आम्ही शब्द दिला व्हता म्हणून आलो. च्या बी नको. निघतो."

ओळखीची वाक्यं होती. माझीच होती.

"हे... हे मी भास्करला बोललो होतो."

"कोण भास्कर?"

"माझा मेहुणा."

"म्हंजी मेहुण्याला सांगितलं अन् आमच्यापासून लपवलं."

"तसं नाही हो. आटली ती बोअर नव्हती."

"मग काय आटली?"

बोडखे उभे राहिले होते. बाईंनी पर्स उचलली होती. पोराचं तिसरं स्थळ माझ्या डोळ्यांदेखत उंबऱ्याकडं निघालं होतं. आणि नेमका त्याच वेळी मागच्या दारातून महेश आत आला. वरती इस्त्रीचा पांढरा शर्ट. खाली ती पँट, कातडीसारखी चिकटलेली, घोट्यांच्या बरीच वर. चालताना गुडघे वाकत नव्हते. मागं फरशीवर निळ्या पाण्याची पावलं उमटत होती.

मी बोट दाखवलं. "ती."

सगळे महेशकडं बघत राहिले. महेश शहाणा पोरगा. प्रसंग कसाही असो, मोठ्यांच्या पाया पडायचं ही शिकवण. तो बोडख्यांसमोर गेला आणि वाकायला लागला. दरवाज्याची कडी लावायला वाकावं इतपत वाकला आणि तिथंच अडला. ना खाली, ना वर.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," बोडखे घाबरून म्हणाले. "उभ्यानंच आशीर्वाद हाय."

मग मी सगळं सांगितलं. मोठं पातेलं, सोडा, ओढाताण, फोन, बैठका. सांगत असताना अश्विनीनं आधी ओढणी तोंडाला लावली, मग मान खाली घातली, मग तिचे खांदे हलायला लागले. बोडखे पुन्हा खाली टेकले. म्हणाले, "म्हंजी कमरेइतकी येत नाय, ते..."

"महेशच्या कमरेइतकी."

"अन् मी रातभर इचार करतोय, दोघं म्हातारी दोरानं पाणी शेंदत्यात."

हे बोलणं चालू असतानाच लाइट आली. मोटरचं बटण मी दाबलेलंच राहिलं होतं. जरा वेळानं उघड्या नळातून धो धो पाणी मोरीत पडायला लागलं. कारकुनाच्या बाजूनं पुरावा आयुष्यात एकदाच वेळेवर हजर झाला, तो असा. टँकरचं पाणी बोडख्यांनी परत नेलं नाही, गल्लीला वाटलं. टँकरवाला दारात ओरडत होता, "लैन से आव, दुल्हेवालों का पानी है, लडना नक्को."

इकडं पोहे आले. बोडखे पोरीला म्हणाले, "तुला काय इचारायचं तर इचार."

अश्विनीनं महेशला काहीच विचारलं नाही. बिचारा भिंतीला टेकून उभाच होता, बसायची सोय नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं.

"ही तुम्ही धुतली, काका?"

"हो."

"घरातले कपडे तुम्हीच धुता?"

आता इथं मी खरं बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की नाही बाई, पहिल्यांदाच कपडा धुतला आणि हा असा. पण विचार करा, आधीच बोअर लपवल्याचा आळ येऊन गेलेला, त्यात आयुष्यात रुमालही न धुतलेला माणूस म्हणून पोरीसमोर कसं बसायचं? मी छाती काढून म्हटलं, "हो. मीच धुतो. पहिल्यापासून. या खेपेलाच काय ते जरा गणित चुकलं."

ही पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होती. मला वाटलं, आता ही माझी लाज काढणार. पण तिनं शांतपणे बश्या ठेवल्या, पदर सावरला आणि म्हणाली, "व्हय की. समदी कापडं त्येच धुत्यात. मला तर हात सुदिक लावू देत नायत."

तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. आमच्या लग्नापासून ती या एका वाक्याची वाट बघत असावी.

दुसऱ्या दिवशी बोडख्यांचा फोन आला. या वेळी मी आधी चष्मा लावला, नाव वाचलं, मग उचलला. "भाऊसाहेब, पोरगी व्हय म्हणतीय."

"जीन्समुळं?"

"नाय, नाय. ती म्हणती, पोरगा बरा हाय. पर ज्या घरात सासरा सवताहून कापडं धुतो, आसलं घर पुन्हा घावायचं नाय."

लग्न झालं. पूजा झाली, पाहुणे गेले आणि सूनबाई बँकेत जायला निघाली. जाताना माझ्यासमोर तिनं कपड्यांची बादली ठेवली आणि अगदी प्रेमानं समजावलं, "बाबा, जीन्स उलटी करून, गार पाण्यात. पिळायची नाही, सावलीत टाकायची. सुती वेगळं, रेशमी वेगळं. तुम्हाला सवय आहेच म्हणा."

मी हिच्याकडं बघितलं. ही पेपर वाचत होती. सरळ धरून, मृतसाठ्याचं पान.

त्यानंतर पाऊस आला, गेला, नळही आला. मी अजून धुतो. गार पाण्यात, उलटं करून, सावलीत. आता माझ्या हातून काही आटत नाही. बोडखे व्याही मात्र दर उन्हाळ्यात न चुकता फोन करून विचारतात, "भाऊसाहेब, आटली का?" मी म्हणतो, आटली असती तर बरं झालं असतं, एक दिवस तरी सुट्टी मिळाली असती.

चहा संपला ना? मग सदरा काढा तो, कॉलरला डाग पडलाय. आत भिजत घातलंच आहे, त्यात टाकतो.